लेकाचं टॉमी जॉन ऑपरेशन: फाटलेल्या लिगामेंटपासून पुन्हा माउंडपर्यंत

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी आईबापांची मुलं बेसबॉलमध्ये पिचिंग करतात, म्हणजे बॅटरला बॉल टाकतात, त्यांच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी नुकतंच ‘यूसीएल फाटलंय’ (कोपराच्या आतल्या बाजूचं, हाडाला हाड बांधणारं लिगामेंट फाटलंय) असं सांगितलं असेल आणि ते नव्याने बसवायचं टॉमी जॉन ऑपरेशन समोर असेल, तर हे त्यांच्यासाठी. एप्रिल २०२४मध्ये आम्हाला ते ऐकावं लागलं तेव्हा मराठीत शोधून काही मिळालं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते एकतर सर्जन लोकांनी सर्जन लोकांसाठी लिहिलेलं होतं, नाहीतर लाखो डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंबद्दल होतं. विम्याच्या फोनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकत बसणाऱ्या आईबद्दल कुणी लिहीत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक तेव्हा सोळा वर्षांचा, दहावीत, उजव्या हाताचा पिचर. वसंतात शाळेची टीम आणि शनिवार-रविवारी ट्रॅव्हल टीम, म्हणजे शाळेबाहेरची, गावोगावी जाऊन खेळणारी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मॅचमध्ये चौथ्या इनिंगला तो स्वतःहून माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, खाली आला. कोपराच्या आतल्या बाजूला कळ आणि करंगळीत मुंग्या. त्याच सुमारास मेजर लीगमधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, क्लीव्हलंडचा शेन बीबर आणि अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर या दोन पिचरच्या कोपराच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे घरी येताना गाडीत त्यानेच निदान करून टाकलं होतं. मी म्हटलं, गप रे, बर्फ लाव.

बर्फाने भागलं नाही. आठवडाभरात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोपर वाकवून त्याचा अंगठा धरला आणि हळूच मागे-बाहेर ओढला. बस, एवढंच. पोरगा टेबलावरून अर्धा उठला. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे हाडाचा तुकडा निघालेला नव्हता. या वयात तेही होतं म्हणे. पुढे एमआरआय, तोही साधा नाही तर आधी सांध्यात सुईने डाय सोडून करतात तो. डाय लिगामेंटमधून पलीकडे गळला की फाटल्याचं स्पष्ट दिसतं. या एमआरआयलाही विम्याची आधी मंजुरी लागते, त्यात आठवडा गेला. मुलाला आधी सांगून ठेवा की सुईचा तो भाग स्कॅनपेक्षा जास्त त्रासाचा असतो.

रिपोर्ट आला: अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजेच यूसीएल, मधोमध पूर्ण फाटलेलं.

माझे बाबा सांगलीला असतात. तरुणपणी क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करायचे. व्हिडिओ कॉलवर नातवाची पिचिंग पाहिली की दर वेळी त्यांचं एकच, ‘अरे हा तर चक्क फेकी आहे!’ गंमतीचा भाग सोडा, पण मूळ मुद्दा तोच आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केलं तर नो-बॉल. बेसबॉलमध्ये जोरात टाकताना कोपराला जबर झटका बसतो आणि तो झटका आतल्या बाजूचं हे छोटंसं लिगामेंट सोसतं. आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, इथल्या पिचरचं कोपर जातं. बाबांना हे समजावल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लिहिता येतंय ना त्याला? जेवता येतंय ना? मग कापाकापी कशाला?’

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटला आणि सर्जननेही मे महिन्यातल्या पहिल्याच भेटीत, न विचारता, हेच सांगितलं. यूसीएल नसलं तरी माणसाचं रोजचं आयुष्य नीट चालतं. पोहता येतं, धावता येतं, बहुतेकांना बॅटिंगही करता येते. हे ऑपरेशन फक्त ज्याला डोक्यावरून जोरात फेकायचंय त्याच्यासाठी. नाही केलं तर काही बिघडत नाही, फक्त पिचिंग संपतं. मग त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि लेकाशी एकट्याशी बोलले.

दुसरं मत जरूर घ्या. आम्ही मे अखेरीस घेतलं. तिथे कळलं की तीन वाटा असतात. लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर विश्रांती आणि फिजिओथेरपीने बघायचं. हाडापासून एका टोकाला सुटलं असेल आणि बाकी चांगलं असेल तर तेच शिवून वरून टेपचा आधार द्यायचा. त्याला इंटर्नल ब्रेस म्हणतात आणि परत यायला वेळ कमी लागतो. आमच्यासारखं मधोमध फाटलं तर नवीन लिगामेंट बसवायचं, म्हणजे टॉमी जॉन. दोन्ही सर्जननी तेच सांगितलं.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १७ जुलै १९७४ला त्याचं लिगामेंट गेलं, २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातली शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) काढून डाव्या कोपरात बसवली. पुन्हा पिचिंग करण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५चा सीझन बुडाला, १९७६मध्ये तो परतला आणि ऑपरेशनपूर्वी १२४ विजय होते त्यात आणखी १६४ जोडून १९८९मध्ये निवृत्त झाला. आता मेजर लीगच्या साधारण एक तृतीयांश पिचरच्या कोपरावर हा व्रण आहे. जस्टिन व्हर्लँडर २०२०मध्ये ऑपरेशन करून २०२२मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. लेकाला हे सगळं तोंडपाठ. पण मुलांमध्ये एक खूळ पसरलेलं आहे की ऑपरेशननंतर वेग वाढतो. सर्जनने ते लगेच खोडून काढलं: नवीन लिगामेंटने वेग वाढत नाही, वर्षभर पाय, पाठ, खांदा यांचा व्यायाम केला आणि अंगानेही वाढला तर वाढतो. धडधाकट कोपर असलेल्या मुलानेही तेवढा व्यायाम केला तर त्याचाही वाढेल.

पुढे जाऊन प्रोफेशनल होणार म्हणून ऑपरेशन केलं का, असं आमच्या मंडळातल्या तिघा-चौघांनी विचारलं. नाही. मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट २०२१पासून फक्त २० फेऱ्यांचा आहे. त्यातून निवड झालीच तरी आधी मायनर लीग, म्हणजे खालच्या पायऱ्या. आमच्या घराजवळ ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स ही मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए (मायनर लीगमधली एक पायरी) टीम खेळते, तिथल्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार २०२३च्या करारानुसार ३०,२५० डॉलर. त्याआधी तो याहूनही बराच कमी होता. हे आकडे लेकासमोर ठेवले होते. त्याचं म्हणणं एवढंच की अजून दोन वर्षं शाळेत आणि जमलं तर चार वर्षं कॉलेजात टाकायचंय. मला हे उत्तर पटलं, त्याच्या बाबांना जरा उशिरा.

आता कागदपत्रं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ऑपरेशनपेक्षा माझे केस याने पिकले.

सर्जनच्या ऑफिसने विमा कंपनीकडे प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे आगाऊ मंजुरी, मागितलं. या ऑपरेशनचा सीपीटी कोड (बिलावर उपचार ओळखायचा क्रमांक) २४३४६. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, फोनवर ‘टॉमी जॉन’ म्हणून कुणाला काही कळत नाही, कोड सांगितला की कळतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नकाराचं पत्र आलं: आधी विश्रांती आणि फिजिओथेरपी करून पाहिल्याची नोंद नाही. पूर्ण फाटलेलं लिगामेंट विश्रांतीने जुळत नाही हे त्यांच्याच डॉक्टरला सांगावं लागतं, आणि ते सांगायची रीत म्हणजे ‘पिअर-टू-पिअर’ फोन: आमचे सर्जन आणि कंपनीचे डॉक्टर यांचं थेट बोलणं. त्याला मुदत असते आणि ती पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते. ते पान मी सर्जनच्या असिस्टंटला त्याच दिवशी पाठवलं, एमआरआय रिपोर्टमधल्या ‘पूर्ण’ या शब्दाखाली रेघ मारून. फोन झाला, चार दिवसांत मंजुरी आली. नकार आला की अपील करायचंच, पण त्याआधी हा फोन मागा. अपिलाला महिना जातो.

पैशांचं गणित असं. एकूण बिलं पन्नास हजार डॉलरच्या वर गेली. आमच्या पॉलिसीत एका माणसाचं डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायचे ते) दोन हजार आणि वर्षाची खिशातली कमाल मर्यादा सहा हजार. ती मर्यादा ऑगस्टपर्यंत गाठली गेली. त्यामुळे २०२४मध्ये पुढची फिजिओथेरपी फुकट पडली. पण ही मर्यादा १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येते आणि टॉमी जॉनचं वर्ष कधीच एका कॅलेंडरात मावत नाही. २०२५मध्ये पुन्हा डिडक्टिबल, मग दर खेपेला चाळीस डॉलर. शिवाय फिजिओथेरपीच्या वर्षाला किती खेपा याचीही मर्यादा असते. उन्हाळ्यातच सगळ्या उडवू नका, बॉल टाकायला लागल्यावर थेरपिस्टची खरी गरज असते.

सप्टेंबरमध्ये भूलतज्ज्ञांचं अठराशे डॉलरचं वेगळं बिल आलं, ते म्हणे नेटवर्कबाहेरचे, म्हणजे आमच्या विमा कंपनीशी करार नसलेले. हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल तर १ जानेवारी २०२२पासून लागू असलेल्या ‘नो सर्प्रायझेस’ कायद्याने असं जादा बिल लावता येत नाही. मी तो कायदा नावानिशी घालून अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात पोर्टलवर बाकी शून्य दिसली. माफी वगैरे कोण मागतंय!

ऑपरेशन जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा संपल्यावर झालं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलासाठी हीच वेळ बरी.

नवीन लिगामेंट कुठून आणतात? बहुतेक वेळा मनगटातल्या पामारिस लाँगस या शिरेतून, जिचा माणसाला फारसा उपयोग नसतो. काही लोकांना ती जन्मतःच नसते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायची आणि मनगट आत वळवायचं; मधोमध दोरीसारखी शीर उठून दिसली तर आहे. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे हात वळवून बसलो होतो. लेकाच्या दोन्ही हातांत ठसठशीत. माझ्या दोन्हींत. त्याच्या बाबांच्या फक्त डाव्या हातात, उजव्यात काहीच नाही. ‘बघ, नशीब माझ्यावर गेलायस,’ मी म्हटलं. ज्यांना नसते त्यांची मांडीतली शीर घेतात, मग पायाचंही दुखणं सोबत येतं.

सकाळी सहाला हजर, मध्यरात्रीपासून पोटात पाणी नाही. मूल अठरा वर्षांखालचं असल्याने सगळ्या सह्या आपल्या. दोन तासांच्या आत आटोपलं आणि दुपारी घरी. हात सुन्न करायला खांद्याजवळ इंजेक्शन देतात, त्यामुळे संध्याकाळी पोरगा मजेत होता, मित्रांना फोटो पाठवत होता. रात्री दोनला ते उतरलं. सर्जनने सांगितलं होतं की सुन्नपणा जायच्या आधीच गोळी द्या, म्हणून मी एकला गजर लावून दिली होती. तरी ती रात्र वाईट गेली. न्यू जर्सीच्या कायद्याने तीव्र वेदनेवरच्या ओपिऑइड गोळ्या पहिल्यांदा पाच दिवसांच्याच मिळतात. आम्हाला तीनच दिवस लागल्या, उरलेल्या पोलिस स्टेशनमधल्या औषधपेटीत टाकल्या.

आठवडाभर कोपर काटकोनात बांधलेलं, मग बिजागरीचा ब्रेस, दर आठवड्याला थोडा थोडा उघडत नेलेला. डाव्या हाताने जेवतोय हे पाहून सांगलीहून आजीचा जीव कासावीस. ‘चमच्याने जेवतोय गं, हाताने नाही,’ असं सांगून वेळ मारून नेली. ऑगस्टच्या मध्यावर ब्रेस सुटला. त्या आधी १ ऑगस्टची तारीख येऊन गेली होती: अकरावीला जाणाऱ्या मुलांशी डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या) कोचना थेट बोलायची मुभा त्या दिवसापासून मिळते. त्याच्या दोघा मित्रांचे फोन वाजले. हा खोलीत बसून मऊ बॉल दाबायचा व्यायाम करत होता.

सप्टेंबर ते नोव्हेंबरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आठवड्यातून दोनदा थेरपी, कोपर किती अंश उघडतंय याची मोजणी, रबरी पट्ट्या, स्क्वॉट. तेरड्याच्या रंगासारखा तीन दिवस उत्साह आणि मग कंटाळा. एकच दिवस वेगळा होता. १२ सप्टेंबरला कुमार रॉकर टेक्सास रेंजर्सकडून मेजर लीगमध्ये पहिल्यांदा पिचिंगला आला. त्याची आई भारतीय वंशाची. मे २०२३मध्ये त्याचं टॉमी जॉन झालं होतं. लेकाने बोटं मोजली: सोळा महिने. दुसऱ्या दिवशी थेरपीला स्वतःहून वेळेआधी तयार.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला बॉल. पंचेचाळीस फुटांवरून पंचवीस, विश्रांती, पुन्हा पंचवीस. पलीकडे ग्लोव्ह घालून त्याचे बाबा, थंडीने हातांना फुंकर मारत. इतका हळू बॉल त्याने सातव्या वर्षीसुद्धा टाकला नसेल. पहिल्या पाच-सहांनंतर तो थांबला, कोपर चाचपलं, काही दुखत नाही असं म्हणाला आणि खरं वाटेना म्हणून पुन्हा चाचपलं. मी गाडीतून बघत होते. बाहेर उतरले नाही, कारण मी उतरले की तो ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतो.

हा कार्यक्रम म्हणजे दिवसाआड बॉल, आणि प्रत्येक टप्पा किमान दोनदा विनातक्रार झाल्याशिवाय पुढे नाही: साठ फूट, नव्वद, एकशेवीस, एकशेपन्नास. थंडीत बंदिस्त केज (जाळी लावलेली सरावाची जागा) भाड्याने घ्यावा लागतो, आमच्याकडे अर्ध्या तासाला तीस डॉलर. जानेवारीत नव्वद फुटांवर कोपरापुढचा हात आखडला. मी घाबरले, सर्जनच्या नर्सचं डोकं खाल्लं. ती शांतपणे म्हणाली, असं जवळजवळ सगळ्यांचं होतं, आठवडा थांबा आणि आधीच्या टप्प्यावर या. तसंच केलं. करंगळीत मुंग्या आल्या तर मात्र वाट बघत बसू नका, त्याच दिवशी कळवा. कोपरातून करंगळीकडे जाणारी नस या सगळ्यात नाजूक असते. खुद्द टॉमी जॉनलाही त्या नसेसाठी दुसरं ऑपरेशन लागलं होतं.

डिसेंबरमध्ये मेजर लीगने पिचरच्या दुखापतींवर स्वतःचा अहवाल काढला होता. २००८मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४मध्ये ९४.२. प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकायचा हट्ट हे मोठं कारण, आणि तो हट्ट शाळेतल्या मुलांपर्यंत उतरलाय. हे वाचून मी वेग मोजायची रडार गन कपाटात ठेवून दिली. थेरपिस्टने ती परत मागवली! एप्रिलमध्ये माउंडवर पहिल्यांदा ‘अर्ध्या जोराने’ टाकायचं असतं आणि पिचरला अर्धा जोर कळतच नाही. बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने मोजलं होतं, अर्ध्या जोराने टाक म्हटलेल्या पिचरचा वेग ८५ टक्के निघाला. म्हणून गन, वेग कमी ठेवायला. आधी नुसते फास्टबॉल, मग चेंजअप (फसवा, हळू बॉल), वळणारे बॉल सगळ्यात शेवटी.

शाळेचा तो पूर्ण सीझन त्याने डगआउटमध्ये बसून इतरांचे पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजले. अकरावीचा सीझन म्हणजे कॉलेजच्या कोचनी बघायचा सीझन. तो गेला तो गेलाच, त्याला पर्याय नाही. मे महिन्यात काही दिवस तो घरात कुणाशी धड बोलत नव्हता. शाळेच्या काउन्सेलरकडे गेला, दोन-तीन वेळा. आपल्याकडे याला अजून नाकं मुरडतात. मला विचाराल तर थेरपीच्या खेपांइतकंच ते गरजेचं होतं.

१६ जून २०२५ला डॉजर्सचा जपानी खेळाडू शोहेई ओहतानी कोपराच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा पिचिंगला आला. एकच इनिंग, २८ बॉल. लेकाचाही तेव्हा समोर बॅटर उभा करून सराव सुरू व्हायचा होता. जुलैत तो झाला आणि सप्टेंबरमध्ये फॉल बॉलच्या (शरदातल्या सीझनच्या) एका मॅचमध्ये एक इनिंग. एक वॉक (बॅटरला फुकट पहिला बेस), एक हिट, रन नाही. सर्जनचं शेवटचं क्लिअरन्स पत्र शाळेच्या ट्रेनरला, ट्रॅव्हल टीमला आणि लीगला असं तिघांना वेगवेगळं द्यावं लागलं. तिघांचे फॉर्म वेगळे, सही एकच. एकदाच तीन प्रती सही करून आणा.

टीम दोन असतील तर पिचची वही एकच आणि ती घरात हवी. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचे ‘पिच स्मार्ट’ नियम १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९५ पिच देतात आणि ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मंगळवारी शाळेकडून ऐंशी टाकले तर शनिवारी ट्रॅव्हल टीमकडून उभं राहता येत नाही. पण शाळेचा कोच मंगळवारचे मोजतो आणि ट्रॅव्हलचा शनिवारचे, दोघांचीही वही चोख असते. आता लेक स्वतः दोघांना आकडा पाठवतो.

तो सध्या डिव्हिजन थ्रीच्या चार कॉलेजांना अर्ज करतोय. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे फीचं गणित आम्ही वेगळं मांडतोय. दोन कोचनी ईमेलला उत्तर दिलं, दोघांनी ऑपरेशनचा रिपोर्ट मागितला. तो पीडीएफ करून ठेवा, पुढेही लागतो. पिच स्मार्टच्या नियमांप्रमाणे वर्षातून सलग दोन-तीन महिने बॉलला हात लावायचा नसतो, तर नोव्हेंबरपासून ते सुरू आहे. ग्लोव्ह माझ्या गाडीच्या डिकीत आहे आणि किल्ली मी त्याला देत नाही.